‘त्यांना इतर आजार होते’

कोरोनाच्या दिवसांत, २०२० सालच्या उन्हाळ्यात, मुंबईत रोज संध्याकाळी आकडे जाहीर होत. आज इतके नवे रुग्ण सापडले, इतके बरे होऊन घरी गेले, इतके दगावले. दगावलेल्यांच्या आकड्यामागोमाग एक वाक्य ठरलेले असे : ‘यांपैकी इतक्या जणांना इतर आजार होते.’ इतर आजार म्हणजे मधुमेह, रक्तदाब, दमा, हृदयविकार, किडनीचा विकार. सरकारी कागदांत त्यासाठी ‘सहव्याधी’ असा शब्द होता. तोवर आपल्यापैकी फारसा कोणी तो ऐकलेला नव्हता. चार महिन्यांत तो रेशनच्या रांगेतसुद्धा ऐकू येऊ लागला.

हे वाक्य सांगणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. कोणाला धोका जास्त, हे लोकांना कळायला हवे होते. लोकांनी घाबरून हातपाय गाळू नयेत, हेही हवे होते. वाक्य ऐकले की धडधाकट माणूस सुटकेचा श्वास सोडी. ‘म्हणजे आपल्याला काही होत नाही,’ असे म्हणून तो ताटावर बसे. पण त्याच खोलीत, भिंतीला पाठ टेकून, अठरा वर्षे साखरेच्या गोळ्या खाणारी त्याची आई बसलेली असे. तिनेही तेच वाक्य ऐकलेले असे. तिने त्याचा काय अर्थ घेतला, हे कोणी विचारले नाही.

त्याविषयीच आज आम्हांला लिहायचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोरोनाला जागतिक साथ म्हटले आणि ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. या तीन वर्षांतले खाटांचे, औषधांचे, प्राणवायूचे हिशेब पुष्कळ झाले. आम्ही बी.कॉम. शिकून कारकुनी करणारे. आकड्यांशी आमचा रोजचा संबंध. जी रक्कम कोणत्याच खात्यावर टाकली जात नाही, ती शेवटी कोणाच्या तरी अंगावर पडते, हे आम्ही टेबलावर रोज पाहतो. जुनाट आजाराच्या माणसांच्या मनावर त्या काळात जे ओझे पडले, ते कोणत्याच खात्यावर लिहिले गेले नाही. ते त्यांच्याच अंगावर राहिले, आणि पुष्कळांच्या अंगावर आजही आहे.

दार बंद झाले तेव्हा

जुनाट आजार म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळते. ताप येतो आणि जातो. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, सिकलसेल, किडनीचा विकार हे मात्र घरात राहायला येतात आणि घरचेच होऊन बसतात. अशा माणसाचे आयुष्य काही ठरलेल्या गोष्टींच्या आधाराने चालते. महिन्याच्या गोळ्या, ठरलेल्या वारची ओपीडी, जुना केसपेपर, ओळखीची सिस्टर. या गोष्टींनी नुसता आजार आवरला जात नाही, मनालाही धीर मिळतो. ‘सोमवारी डॉक्टर बघतील,’ एवढ्या भरवशावर माणूस आठवडा काढतो.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता टाळेबंदीची घोषणा झाली आणि त्याच मध्यरात्रीपासून ती लागू झाली. मुंबईच्या लोकलगाड्या त्याआधीच थांबल्या होत्या. १५ जूनला त्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांपुरत्या. सर्वसामान्य प्रवाशाला लोकल मिळाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, तीही ठरावीक वेळेत. कल्याण-अंबरनाथकडून परळ-भायखळ्याच्या रुग्णालयांत येणाऱ्या गरिबाला दुसरे वाहन कोणते? इकडे रुग्णालयांनाही कोरोनासाठी जागा करावी लागली. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये पूर्णपणे कोरोनासाठी राखून ठेवले गेले. ते गरजेचे होते. पण ज्याचे सोमवार-गुरुवार दवाखान्याच्या बाकावर जात, त्याला आता जायला जागा उरली नाही.

डायलिसिसच्या रुग्णाचा हिशेब बघा. साधारणपणे आठवड्यातून तीन वेळा, एका वेळी सुमारे चार तास. म्हणजे महिन्याला तेरा फेऱ्या आणि जाणे-येणे धरून सव्वीस प्रवास. फेऱ्या चुकल्या की अंगात पाणी साठते, श्वास लागतो. श्वास लागला की शेजारी म्हणणार, ‘याला कोरोना झाला.’ आणि केंद्रावर म्हणणार, ‘आधी तपासणीचा कागद आणा.’ आमच्या वस्तीतील एक गृहस्थ त्या दिवसांत पत्नीला घेऊन पायी निघत. नाक्यावर पोलिसांनी अडवले की शर्टाची बाही वर करून डायलिसिससाठी केलेली हातावरची फुगीर शीर दाखवीत. तोच त्यांचा पास. ते आम्हांला म्हणाले, “आजाराचं काही नाही हो, त्याची सवय झाली. पण मी जगायला चाललोय, हे रोज कोणाला तरी पटवून द्यायचं, याचा फार थकवा येतो.”

दुसरे उदाहरण गोळीचे. संधिवाताच्या काही रुग्णांना आणि ल्युपस नावाच्या आजारात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन ही गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. मार्च २०२० मध्ये ती कोरोनावर चालेल अशी आशा निर्माण झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कृती दलाने ती कोरोना रुग्णांजवळ काम करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधासाठी घ्यायला सांगितली. बातमी फुटली आणि गरज नसलेल्यांनीही घरात साठा केला. सरकारला २६ मार्चला तिच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. जून २०२० मध्ये मोठ्या चाचण्यांतून दिसून आले की, रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोना रुग्णांना तिचा फायदा होत नाही. पण दरम्यानच्या काळात जिला ती गोळी खरोखर हवी होती, ती बाई सुजलेल्या बोटांत चिठ्ठी धरून दुकानामागून दुकान फिरत होती. सांधे तर दुखत होतेच. त्याहून जास्त तिला हे लागले की, आपल्या वाटणीची गोळी लोक नुसत्या भीतीने कपाटात ठेवून बसले आहेत.

क्षयरोग्यांचे दुःख तर आणखी वेगळे. टीबीची गोळी मध्ये सोडून चालत नाही. आणि टीबीचे मुख्य लक्षण कोणते? खोकला. त्या दिवसांत खोकला म्हणजे गुन्हा झाला होता. आमच्या गल्लीतील एक मुलगी टीबीच्या गोळ्या चालू असताना तोंडाला रुमाल बांधून फिरे तेव्हा लोक तिच्याकडे वळून बघत. सगळ्यांनीच मास्क लावले तेव्हा ती हसून म्हणाली, “काका, आता कुठे मी चारचौघींसारखी दिसते.” पण रात्री खोकल्याची उबळ आली की ती उशीत तोंड खुपसून खोके. भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. देशात २०१९ मध्ये टीबीच्या सुमारे २४ लाख ४ हजार रुग्णांची नोंद झाली होती. २०२० मध्ये ती १८ लाख ५ हजारांवर आली. सहा लाखांची ही घट म्हणजे रोग हटला असे नव्हे. रुग्ण दवाखान्यापर्यंत पोहोचत नव्हते, तपासणीची माणसे आणि यंत्रे कोरोनाकडे वळली होती, आणि कित्येक जण आमच्या गल्लीतल्या मुलीसारखे उशीत तोंड खुपसून खोकत होते.

दहा बाय बाराची खोली

वयस्कर आणि आजारी माणसांना वेगळ्या खोलीत ठेवा, असा सल्ला त्या वेळी रोज दिला जाई. सल्ला योग्यच होता. पण ज्यांचे अख्खे घरच एक खोली, त्यांनी काय करावे? आणि घरातले कोण बाहेर पडत होते तेही पाहा. सफाई कामगार, बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, रुग्णालयातले वॉर्डबॉय आणि आया, इमारतीचे वॉचमन. शहर बंद असताना शहर चालवणारी ही माणसे आपल्याच घरांतली. एकाच छताखाली एक जण रोज साथीत जाऊन येणारा, आणि दुसरा साथीने सर्वांत आधी गाठावा असा.

असेच एक घर आमच्या ओळखीचे. मुलगा सफाई खात्यात, आई मधुमेह आणि रक्तदाबाची. मुलगा पाळी संपवून आला की बाहेरच नळावर अंघोळ करी, जिन्यात बसून जेवी आणि गॅलरीत झोपे. असे तीन महिने चालले. आईच्या मनात येई, पोरगा आपल्याला टाळतो, आपला त्याला कंटाळा आला. मुलाच्या मनात येई, हिला काही झाले तर ते माझ्यामुळे. दोघांची तोंडे दोन दिशांना. बोलत कोणीच नव्हते. अखेर एका रात्री पावसाने गॅलरी भिजली तेव्हा आई दारात येऊन म्हणाली, “आत ये. मी मेले तर आजारानं मेले म्हणेन, तुझ्यामुळं मेले असं कधी म्हणणार नाही.” तो पोरगा जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला. त्या दिवसापासून तो आत झोपू लागला, दारापाशी, तोंडाला मास्क लावून. अंतर पूर्वीइतकेच होते, पण आता दोघांना एकमेकांच्या मनातले ठाऊक होते.

हा प्रसंग आम्ही मुद्दाम सांगितला. भीती दोघांनाही होती, आणि ती प्रेमापोटीच होती. परंतु न बोललेले प्रेम आजारी माणसाला तिरस्कारासारखे दिसते.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम आली. स्वयंसेवक दारोदार जाऊन ताप, प्राणवायू मोजत आणि घरात मधुमेह, रक्तदाब, किडनीचा आजार कोणाला आहे, हे विचारत. मोहीम चांगली होती. पण कित्येक घरांत आतूनच आवाज येई, ‘आमच्याकडे कोणाला काही नाही.’ सांगणारी बाई स्वतः दोन वेळा इन्सुलिन टोचणारी असे, आणि बाटली गारव्यासाठी माठाशेजारी ठेवलेली असे. तिला अडाणी म्हणू नका. सहा महिने रोज संध्याकाळी ‘इतर आजार होते’ हे वाक्य ऐकल्यावर कोणता माणूस आपले नाव त्या यादीत आपण होऊन लिहील?

तरुण वयातला जुना आजार

जुनाट आजार म्हणजे म्हातारपणाचा आजार, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. सिकलसेलचेच बघा. विदर्भात, विशेषतः नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत, आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. मुंबईतल्या आपल्या कित्येक घरांच्या सोयरिकी त्या भागात आहेत. हा आजार आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक वेळी चारांत एक शक्यता, की मूल आजार घेऊन जन्मेल. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ताप, अंगातले पाणी कमी होणे, प्राणवायू कमी पडणे, यांतल्या कशानेही वेदनेचा झटका येतो. कोरोनात नेमके हेच होते. शिवाय अशा रुग्णांना वेळोवेळी रक्त लागते. आणि टाळेबंदीत कॉलेजे, कचेऱ्या बंद, म्हणून रक्तदान शिबिरेही बंद पडली होती.

नागपूरकडे आमची एक भाची आहे. तेव्हा ती बावीस वर्षांची. झटका बहुधा रात्री यायचा. घरात दर वेळी तोच वाद. दवाखान्यात न्यावे तर तेथे कोरोनाची भीती, न न्यावे तर हिचे ओरडणे बघवत नाही. पुढे पुढे तिने ओरडणेच बंद केले. दाताखाली ओढणी धरून पडून राही. का, तर आपल्यामुळे आईबाबांना हा निर्णय पुन्हा करावा लागू नये.

१ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील सर्वांना आणि ४५ ते ५९ वयातील ठरावीक आजारांच्या लोकांना लस देणे सुरू झाले. त्या वीस आजारांच्या यादीत सिकलसेल होता. डॉक्टरांचा दाखला दाखवला की लस. पण आमच्या भाचीचे वय बावीस! यादीत तिच्या आजाराचे नाव होते, पण तिला जागा नव्हती. १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना परवानगी मिळाली, तर लस अपुरी पडल्याने महाराष्ट्रात या वयोगटाचे लसीकरण काही आठवडे थांबवावे लागले. दुसरी लाट त्या वेळी ऐन भरात होती. ती फोनवर म्हणाली, “मामा, आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, या आजाराचा काही उपयोग होईल. तर वय कमी पडलं.” ती हसत होती. आम्हांला हसू आले नाही.

त्याच मे महिन्यात मधुमेहींवर दुसरा घाला आला. कोरोनातून उठलेल्या माणसांत, विशेषतः साखर वाढलेल्यांत आणि स्टेरॉइड द्यावी लागलेल्यांत, काळी बुरशी म्हणजे म्युकरमायकोसिस दिसू लागली. डोळा काढावा लागल्याच्या, जबडा काढावा लागल्याच्या बातम्या रोज येत. त्यावरील इंजेक्शनांचा तुटवडा पडला. त्या महिन्यात कित्येक मधुमेही माणसे दिवसातून चार वेळा आरशात डोळे बघत. कोरोना होऊन गेला नव्हता त्यांनासुद्धा झोप लागत नव्हती.

मनात काय साठते

इतक्या लोकांशी बोलल्यावर आम्हांला चार गोष्टी पुनःपुन्हा ऐकू आल्या. पहिली भीती. ती सर्वांनाच होती, पण धडधाकट माणसाची भीती बातम्या बंद केल्या की थोडी कमी होई. आजारी माणसाची भीती त्याच्या अंगातच होती, ती बंद कशी करणार? दुसरी, आपण ओझे झालो ही जाणीव. ‘माझ्यामुळे पोरांना बाहेर पडता येत नाही,’ ‘माझ्या औषधात घराचे रेशन जाते.’ तिसरी, शरम. आजार झाला तो जणू आपला अपराध. आणि चौथी, राग. ज्या बाईने आयुष्यभर पथ्य पाळले, कोणाच्या पुढे हात पसरला नाही, तिच्याविषयी लोक म्हणतात, ‘ती तशीही किती दिवस काढणार होती?’

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करू. ‘त्यांना इतर आजार होते,’ ही वैद्यकीय माहिती झाली. ‘ते तसेही जाणारच होते,’ हा निवाडा झाला. पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर आपण कधी घसरलो, ते कळलेसुद्धा नाही. आणि दुसरे वाक्य धडधडीत खोटे आहे. नीट औषधपाणी झाले तर मधुमेहाचा माणूस वीस-पंचवीस वर्षे आणि त्याहून जास्त जगतो. नोकरी करतो, मुलांची लग्ने लावतो, नातवंडे खेळवतो. आपल्या वस्त्यांत तर चाळिशी-पन्नाशी उलटलेली किती घरे या गोळ्यांवर उभी आहेत! त्यांना अशा हिशेबातून वजा करायचे म्हटले तर वस्तीत उरेल कोण?

मनातले हे सारे मनात राहत नाही, शरीरात उतरते. चिंता वाढली की शरीरात असे स्राव वाढतात की साखर चढते, रक्तदाब वाढतो. झोप मोडली की दुखणे वाढते. उदास माणूस गोळी चुकवतो, जेवण टाळतो, दवाखान्याची तारीख पुढे ढकलतो. मग आजार वाढतो, आणि आजार वाढला की उदासी वाढते. घरचे म्हणतात, ‘पथ्य पाळत नाही.’ खरे कारण पुष्कळदा ताटात नसून मनात असते.

आणि या माणसामागे एक दुसरे माणूस असते, बहुतेक वेळा बाई. गोळ्यांची वेळ सांभाळणारी, भाकरीत मीठ कमी घालणारी, रात्री श्वास चालू आहे ना हे उठून बघणारी. सून, पत्नी, लेक. तिला तर कोणी ‘तू कशी आहेस’ हेही विचारले नाही.

साथ ओसरली, मास्क उतरले, लग्ने पूर्वीसारखी वाजूगाजू लागली. पण आमच्या ओळखीच्या एक काकू आजही मास्क लावून लग्नाला येतात आणि गर्दी होण्याआधी आहेर देऊन निघतात. त्यांची किडनी बदललेली आहे. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती कमी ठेवणाऱ्या गोळ्या त्यांना जन्मभर घ्याव्या लागणार. पोरेटोरे मागे हसतात, ‘कोरोना गेला, काकू गेल्या नाहीत.’ सर्वांसाठी जे संपले, ते काहींसाठी संपलेले नसते, हे हसणाऱ्यांना कोणीतरी सांगायला हवे. उलट, काही जणांनी त्या वेळी दवाखाना सोडला तो पुन्हा धरलाच नाही. ‘तिकडे गेले की वाईटच ऐकायला मिळते,’ असे म्हणून ते घरी बसले आहेत. हीसुद्धा त्या तीन वर्षांचीच जखम आहे.

आपण काय करायचे

नुसते हळहळून उपयोग नाही. जेथे विचार केला गेला तेथे सोय होऊ शकली, हेही आपण पाहिले. एचआयव्हीच्या रुग्णांना एआरटी केंद्रांतून एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याचे धोरण त्या वेळी आखले गेले. कित्येकांचा दवाखान्याचा हेलपाटा आणि धसका त्यामुळे वाचला. आपल्या हातातल्या गोष्टीही कमी नाहीत.

एक : घरातल्या आजारी माणसाचे एक कार्ड करा. आजाराचे नाव, गोळ्यांची नावे आणि वेळा, रक्तगट, डॉक्टरांचा आणि घरच्यांचा फोन. एक प्रत त्याच्या खिशात, एक दाराजवळच्या खिळ्याला. डॉक्टरांना विचारून, जमेल तसा पंधरा दिवसांच्या गोळ्यांचा जादा साठा ठेवा. उद्या पूर आला, संप झाला, साथ आली, तरी मन आधी त्या डब्याकडे बघून शांत होते.

दोन : वस्तीतल्या अशा माणसांची नोंद ठेवा, पण त्यांच्या संमतीने, आणि एक-दोन विश्वासू व्यक्तींकडेच. फळ्यावर लावण्याची ती गोष्ट नव्हे. महिला मंडळाने प्रत्येकामागे एक शेजारी नेमावा. कामे दोनच : अडीअडचणीत गोळ्या आणून देणे आणि आठवड्यातून एकदा फोन करणे. रक्त लागणाऱ्यांसाठी वर्षातून एक तरी शिबिर जयंतीच्या कार्यक्रमात धरा.

तीन : विचारण्याची रीत बदला. ‘साखर किती आली? भात खाल्ला का?’ हे झाले पोलिसाचे विचारणे. त्याऐवजी म्हणा, ‘आज मनाला कसं वाटतंय?’ उत्तर आले नाही तरी घाई करू नका. आणि उत्तर आले तर लगेच ‘काही होत नाही’ म्हणून ते मिटवून टाकू नका. ज्याला काही झालेले आहे, त्याला ‘काही होत नाही’ म्हणणे म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकणे.

चार : दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवणावर वासना नाही, कशात रस नाही, ‘मी गेलो तर बरे’ अशी भाषा चालू आहे, तर ते वयामुळे किंवा स्वभावामुळे म्हणून सोडून देऊ नका. ते दुखणे आहे आणि त्याला उपचार आहे. जीव नकोसा झाल्याची भाषा ऐकू आली तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा नंबर. फोन फुकट, रात्रंदिवस, मराठीत बोलता येते. फोन केला म्हणून कोणी वेडा ठरत नाही. रक्तदाबाची गोळी घेतो म्हणून कोणी लाजतो का?

पाच : आजारी माणसाला कामातून वजा करू नका. झेपेल तेवढे त्याच्याकडे द्या. नातवाचा अभ्यास घ्यायला सांगा, मंडळाची वर्गणीची वही लिहायला द्या. आमच्या वस्तीतल्या डायलिसिसच्या त्या गृहस्थांकडे आम्ही भिशीचा हिशेब दिला आहे. डायलिसिसच्या चार तासांत ते एका हाताने वही तपासतात, आणि पै इकडची तिकडे झाली तर आम्हांला फोन येतो. डायलिसिसचा दिवस म्हणजे पूर्वी त्यांना वाया गेलेला दिवस वाटे. आता तो त्यांचा कामाचा दिवस झाला आहे.

पुन्हा साथ येईल की नाही, कधी येईल, हे आपल्या हातात नाही. पण आली तर घराघरांत ही माणसे असणारच आहेत. आज ती तुमची आई आहे, उद्या तुम्ही स्वतः असाल. म्हणून येत्या रविवारी एवढे करा. विहारातून परतताना अशा एखाद्या घरी जा. फळे नाही नेली तरी चालतील. चहा बिनसाखरेचा असेल, तो प्या. अर्धा तास बसा, आणि त्या तीन वर्षांत त्यांनी काय काय सोसले ते त्यांच्या तोंडून ऐका. कोणी विचारील याची वाट ही माणसे अजून बघत आहेत.

जयभीम.